हातभर वायरीचं शहाणपण

अमेरिकेतल्या कॅम्पग्राउंडवर प्रत्येक जागेपाशी विजेचा एक बुटका खांब असतो. झोपायची जागा, शेगडी, फ्रिज, एसी असा सगळा संसार पोटात घेतलेल्या घरगाड्या तिथं येऊन थांबतात आणि आपली जाडजूड वायर त्या खांबावरच्या सॉकेटात खोचतात. सॉकेटं साधारण तीन तऱ्हेची. चार भोकांचं ५० अँपिअरचं, तीन भोकांचं ३० अँपिअरचं, आणि घरातल्यासारखं छोटं २० अँपिअरचं. जुन्या मैदानांवर ५० अँपिअरचं सॉकेट बऱ्याचदा नसतंच. रस्त्यावर चार्जिंग स्टेशनं विरळ होती तेव्हापासून इलेक्ट्रिक गाडीवाल्यांनी हे खांब हेरून ठेवले आहेत. जंगलात, डोंगरात, वाळवंटाच्या कडेला, जिथं दुसरं काहीच नाही तिथंही रात्रभर गाडी लावून ठेवता येईल अशी वीज या खांबांवर असते.

अडचण प्लगची. गाडीच्या चार्जिंग केबलला पुष्कळदा ५० अँपिअरचा चार पिनांचा प्लग असतो आणि खांबावर मोकळं असतं ३० अँपिअरचं सॉकेट. या सॉकेटाचं तिकडचं नाव टीटी-३०, म्हणजे खास ट्रेलरसाठी नेमलेलं. घरगाड्यांचं सामान विकणाऱ्या दुकानात यावर तयार उपाय मिळतो. हातभर लांबीची वायर, एका टोकाला ३० चा प्लग, दुसऱ्या टोकाला ५० चं सॉकेट. माणूस ती आणतो, जोडतो, सगळं घट्ट बसतं आणि गाडी मात्र ढिम्म. मल्टीमीटर लावून त्या सॉकेटाच्या दोन मुख्य भोकांमधलं व्होल्टेज बघावं तर काटा शून्यावर. खांब जिवंत, वायर धडधाकट, शेजारची घरगाडी तसल्याच वायरीवर एसी चालवते आहे, आणि गाडीसाठी व्होल्टेज शून्य.

हे शून्य कुठून आलं, हे उलगडणं मला या विषयातलं सगळ्यात आनंदाचं काम वाटतं.

आपल्या घरात एक फेज आणि एक न्यूट्रल येतो, दोघांत २३० व्होल्ट. अमेरिकेतल्या घरात दोन फेज-वायरी आणि मधला न्यूट्रल अशा तीन वायरी येतात. रस्त्यावरच्या ट्रान्सफॉर्मरच्या वेटोळ्याला बरोबर मध्यावर फाटा काढलेला असतो, तो न्यूट्रल. कुठल्याही एका फेजपासून न्यूट्रलपर्यंत १२० व्होल्ट, आणि एका फेजपासून दुसऱ्या फेजपर्यंत २४०. दिवे, पंखे, टीव्ही १२० वर चालतात. कपडे वाळवायचं यंत्र, विजेची मोठी भट्टी असल्या गोष्टी दोन फेजांच्या मध्ये, २४० वर.

या रचनेचं मूळ तांब्याच्या काटकसरीत आहे. एडिसनचे दिवे शंभर-सव्वाशे व्होल्टचे. तेवढ्या व्होल्टेजवर वीज गावभर न्यायची तर वायरी मनगटाएवढ्या जाड लागत. व्होल्टेज दुप्पट केलं की तेवढीच वीज निम्म्या करंटमध्ये जाते, आणि टक्केवारीनं तेवढीच घट चालवून घ्यायची असेल तर वायर एक-चतुर्थांश काटछेदाची पुरते. पण मग दिवे दुप्पट व्होल्टेजवर जळतील, त्यांचं काय? तर दिव्यांचे दोन गट करायचे, मध्ये तिसरी वायर टाकायची आणि प्रत्येक गटाला निम्मं व्होल्टेज द्यायचं. दोनाऐवजी तीन वायरी झाल्या, पण प्रत्येक चौथ्या हिश्शाची. हिशेब मांडून बघा, पूर्वीच्या तांब्यापैकी फक्त साडेसदतीस टक्के लागतं. इंग्लंडमध्ये जॉन हॉपकिन्सन यांना हीच युक्ती स्वतंत्रपणे सुचली होती. एडिसनने ४ जुलै १८८३ रोजी पेन्सिल्व्हेनियातल्या सनबरी गावी तीन वायरींची वीजव्यवस्था सुरू करून दाखवली. तेव्हाची वीज डीसी होती, पुढे एसी आली, पण तीन वायरी राहिल्या त्या आजतागायत.

आता पुन्हा त्या दुकानातल्या वायरीकडे येऊ. ५० अँपिअरच्या घरगाडीत अर्धी उपकरणं एका फेजवर, अर्धी दुसऱ्यावर, आणि साधारणपणे प्रत्येकाला हवं असतं न्यूट्रलच्या जोडीनं १२०. टीटी-३० वर फेज एकच. म्हणून दुकानातल्या वायरीत ती एकच फेज ५० च्या सॉकेटाच्या दोन्ही फेज-भोकांना जोडून टाकलेली असते. घरगाडी खूश, तिच्या दोन्ही बाजूंना १२० मिळाले. इलेक्ट्रिक गाडी मात्र न्यूट्रलकडे बघतच नाही. ती बघते दोन फेज-भोकांमध्ये किती फरक आहे ते. दोन्हीकडे एकच फेज, फरक शून्य. एकाच पातळीवर ठेवलेल्या दोन घागरींना नळी जोडली तर तिच्यातून पाणी वाहणार नाही, तसंच हे.

म्हणून मग घरी बनवलेली वायर. तिची जोडणी अगदी छोटी आहे. टीटी-३० ची फेज ५० च्या एका फेज-भोकाला. टीटी-३० चा न्यूट्रल ५० च्या दुसऱ्या फेज-भोकाला. अर्थ अर्थला. आणि ५० च्या सॉकेटातलं न्यूट्रलचं भोक रिकामं ठेवायचं. आता दोन भोकांत १२० व्होल्ट उभे राहतात. गाडीच्या पोटातला चार्जर एसीचं डीसी करतो, त्याला फेज कुठल्या बाजूनं आली याचं सोयरसुतक नसतं, आणि अशा बहुतेक चार्जरांना १२० पासून २४० पर्यंत काहीही चालतं. सामान एवढंच: एक प्लग, एक सॉकेट, आणि त्यांच्या मध्ये ३० अँपिअरला पुरेल अशी, तिकडच्या मापात १० गेजची, म्हणजे सुमारे सव्वापाच चौरस मिलिमीटर तांब्याची तीन-कोअर केबल. या वायरीवर न पुसणाऱ्या अक्षरांत ‘फक्त इलेक्ट्रिक गाडीसाठी’ असं लिहायलाच हवं. चुकून कोणी घरगाडी तिच्यावर लावली तर तिचा न्यूट्रल कशालाच जोडलेला नसेल. उपकरणं धड चालणार नाहीत आणि न्यूट्रल भलत्याच व्होल्टेजवर तरंगत राहील.

इथवर सगळं तांब्याचं काम झालं. खरा नवलाचा भाग पुढे, प्लग आणि गाडी यांच्या मध्ये लोंबणाऱ्या त्या पेटीत आहे.

त्या पेटीला आपण सगळे चार्जर म्हणतो, पण तिच्यात चार्ज करण्यासारखं काही नसतं. एक दणकट रिले, थोडं इलेक्ट्रॉनिक्स, आणि गाडीपर्यंत जाणारी एक बारीक जादा वायर. या बारीक वायरीवर पेटी आणि गाडी एकमेकींशी बोलतात. अमेरिकेत या बोलण्याचे नियम जे-१७७२ नावाच्या मानकात आहेत, युरोपात आणि आपल्याकडच्या टाइप-२ चार्जिंगमध्येही हाच संवाद चालतो.

सुरुवातीला पेटी त्या वायरीवर १२ व्होल्ट ठेवून वाट बघते. हे १२ व्होल्ट १००० ओहमच्या रेझिस्टरमधून येतात. गाडीच्या बाजूला एक डायोड आणि त्याच्यामागे २७४० ओहमचा रेझिस्टर. प्लग गाडीत बसला की व्होल्टेज १२ वरून ९ वर उतरतं. पेटीला कळतं, कोणीतरी आलं. मग ती त्या वायरीवर सेकंदाला हजार वेळा +१२ आणि −१२ असे ठोके देऊ लागते. प्रत्येक ठोक्याचा किती हिस्सा वरच्या बाजूला, यात निरोप असतो. १० टक्के म्हणजे ६ अँपिअर. २० टक्के म्हणजे १२. ५० टक्के म्हणजे ३०. गाडी हे वाचते आणि मनाशी पक्कं करते की यापेक्षा जास्त ओढायचं नाही. तयारी झाली की ती आणखी एक रेझिस्टर मध्ये आणते, वरची पातळी ९ वरून ६ व्होल्टवर येते, आणि तेव्हाच पेटीतला रिले टक्कन जोडला जाऊन खरी वीज पुढे सरकते. त्याआधी गाडीकडच्या टोकाला मुख्य वीज नसतेच. भर पावसात तो प्लग हातात धरता येतो त्याचं कारण हे.

त्या डायोडचं कौतुक करावं तेवढं थोडं आहे. समजा प्लगचं टोक पाण्याच्या डबक्यात पडलं. पाणीही थोडा करंट वाहू देतं, त्यामुळे +१२ खाली ओढलं जाईल आणि पेटीला गाडी आल्याचा भास होऊ शकेल. पण पाणी दोन्ही दिशांना सारखंच वाहू देतं, म्हणून −१२ सुद्धा शून्याकडे सरकेल. डायोड एकाच दिशेला वाट देतो. गाडी असेल तर वरची बाजू उतरते आणि खालची −१२ वर ठाम राहते. पेटी ही खालची बाजू तपासते. पैशांत मोजावा असल्या स्वस्त तुकड्यानं गाडी आणि चिखल यांतला फरक ओळखता येतो, हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी तो परिच्छेद पुन्हा पुन्हा वाचला होता.

आता प्रश्न असा, की पेटी गाडीला जो आकडा सांगते तो तिला कोण सांगतं? तिच्या मागच्या भिंतीत किती जाडीची वायर आहे, ब्रेकर किती अँपिअरचा आहे, हे तिला दिसत नाही. तिला कळतो फक्त आपला प्लग. टेस्लाच्या प्रवासी केबलला वेगवेगळ्या प्लगांची टोकं बदलून लावता येतात आणि प्रत्येक टोक आपली ओळख पेटीला देतं. साधं घरगुती टोक लावलं तर पेटी १२ अँपिअरच्या पुढे जात नाही. ५० चं टोक लावलं तर ३२ म्हणते. म्हणजे सॉकेटाचा आकार हीच मुळात एक माहिती आहे. तिरप्या दोन पट्ट्या आणि एक गोल पिन याचा अर्थ, इथं १२० व्होल्ट आहेत आणि ३० अँपिअरच्या वर जाऊ नका. चुकीचा प्लग चुकीच्या जागी बसूच नये म्हणून ही सगळी आकारांची खटपट.

आणि आपण बनवलेली हातभर वायर नेमकी हीच माहिती गिळून टाकते. पेटीला वाटतं आपण ५० च्या सॉकेटात आहोत. ती ठोक्यांतून ५३ टक्के, म्हणजे ३२ अँपिअर असं सांगते. सलग तीन तास किंवा जास्त चालणाऱ्या लोडसाठी सर्किटच्या ८० टक्केच वापरायचे असा तिकडचा नियम आहे, त्या हिशेबानं ३० च्या सर्किटवर २४ अँपिअर, म्हणजे ४० टक्के हा खरा निरोप. ब्रेकर वाचवील असं समजू नये. ३० अँपिअरचा ब्रेकर ३२ अँपिअरवर तासन्‌तास गप्प बसू शकतो, तो मोठ्या चुकांसाठी आहे. म्हणून गाडीच्या पडद्यावर जाऊन माणसानं स्वतः २४ चा आकडा घालायचा. सॉकेटाचा आकार जे काम न बोलता करत होता, ते काम आता वायर बनवणाऱ्याच्या डोक्यात आलं आहे. कंपन्या आपल्या पुस्तिकांत असल्या जोडण्यांना मनाई करतात, ती याच कारणानं मला रास्त वाटते. हे काम करायचंच असेल तर ही जबाबदारी आपल्याकडे आली हे पुरतं उमजलेल्या माणसानंच करावं.

केबलच्या दुसऱ्या टोकाला हा प्रश्न किती सुरेख सोडवला आहे तेही बघण्यासारखं आहे. टाइप-२ च्या सुट्या केबलमध्ये, प्लगच्या आत, एक छोटा रेझिस्टर बसवलेला असतो. १५०० ओहमचा असेल तर केबल १३ अँपिअरची, ६८० चा असेल तर २० ची, २२० चा तर ३२, आणि १०० ओहमचा असेल तर ६३. चार्जिंगचा खांब आणि गाडी दोघंही हा रेझिस्टर वाचतात आणि सगळ्यात कमी ताकदीच्या घटकाला सोसेल तेवढाच करंट ठरवतात. केबल स्वतःच आपली कुवत सांगते, कोणी लक्षात ठेवायची गरज नाही.

उष्णतेबद्दल मात्र कुठलंच सॉकेट आपण होऊन बोलत नाही. वायरीत उष्णता तयार होते ती करंटच्या वर्गाच्या प्रमाणात. करंट दुप्पट, उष्णता चौपट. चांगल्या तांब्याच्या हातभर वायरीत २४ अँपिअरला जेमतेम दोन वॅट उष्णता होते. धोका वायरीत नसतो, जोडांत असतो. समजा एखादा स्क्रू नीट आवळला नाही, किंवा वर्षानुवर्षं प्लग खुपसून-उपसून खांबावरच्या सॉकेटाच्या पट्ट्या सैल झाल्या, आणि त्या एका जागी ०.०५ ओहमचा रोध तयार झाला. १२ अँपिअरला तिथं सात वॅट उष्णता, हाताला कोमट लागेल इतकी. २४ अँपिअरला जवळपास २९ वॅट. रेडिओ दुरुस्तीवाल्याकडची साधी सोल्डरिंग आयर्न २५ वॅटची असते आणि ती शिसं वितळवते. तेवढी उष्णता अंगठ्याएवढ्या प्लास्टिकमध्ये, रात्रभर. म्हणून सुट्या बारीक तारांचा पुंजका नुसता पिळून स्क्रूखाली सरकवू नये, त्याला धातूची टोपी दाबून बसवावी, स्क्रू पुरा आवळावा, आणि गाडी लावल्यावर पहिल्या अर्ध्या तासात प्लगला हात लावून बघावा. धरवत नसेल इतका तापला असेल तर आधी करंट उतरवायचा, मग कारण शोधायचं.

एवढ्या खटाटोपाचं फळ काय? साध्या अमेरिकन सॉकेटावर १.४४ किलोवॅट मिळतात, या वायरीनं २.८८. गाडीचे आतले पंप, संगणक दोन्ही वेळी सारखीच वीज खातात, त्यामुळे बॅटरीत पडणारी वीज दुपटीहून जास्त होते. दहा तासांच्या मुक्कामात साधारण दीडशे किलोमीटर.

आणि इथं आपल्याकडच्या वाचकाला सुखद धक्का बसेल. आपल्या घरात ज्या १६ अँपिअरच्या थ्री-पिन सॉकेटावर गीझर चालतो, तिथं २३० व्होल्टवर १५ अँपिअर घेतले तर ३.४५ किलोवॅट होतात. अमेरिकेतल्या त्या ३० अँपिअरच्या खांबावरून मिळणाऱ्या २.८८ पेक्षा जास्त! पुण्यातल्या किंवा सांगलीतल्या गाडीवाल्याला हा खटाटोप मुळात करावाच लागत नाही. आपल्याकडे घरी बनवल्या जाणाऱ्या वायरीचं दुखणं वेगळं आहे, आणि ते कितीतरी गंभीर आहे.

पेटी काहीही करण्याआधी अर्थिंग तपासते. आपल्या कितीतरी घरांत सॉकेटाला वरचं जाड भोक असतं, पण त्याच्यामागे वायर एकतर नसते किंवा कुठंतरी भिंतीत तुटलेली असते. फ्रिज, मिक्सर अशा घरातही बिनबोभाट चालतात, गाडीची पेटी लाल दिवा लावून नकार देते. मग कोणीतरी तोडगा सांगतो: छोटी वायर बनवा, तिच्यात न्यूट्रल आणि अर्थची पिन एकमेकांना जोडून टाका. पेटी फसते, दिवा हिरवा होतो.

या वायरीत काय घडू शकतं ते नीट बघा. घराकडे येणारा न्यूट्रल कुठं तुटला, आणि आपल्याकडे तो तुटतो, तर फेजमधली वीज गाडीच्या चार्जरमधून न्यूट्रलवर येते, तिथून त्या जोडामार्गे अर्थच्या वायरीत, आणि अर्थची वायर गाडीच्या पत्र्याला जोडलेली. सगळी बॉडी जिवंत. दाराला हात लावणाऱ्याच्या अंगातून करंट जमिनीत उतरतो. पेटीतली गळती पकडणारी यंत्रणा फेजमधून गेलेला आणि न्यूट्रलमधून परत आलेला करंट यांतला फरक मोजते. इथं माणसाच्या अंगातून जाणारा करंटसुद्धा पेटीतल्या न्यूट्रलमधूनच परत जातो आणि पेटीच्या मागच्या बाजूला वळतो. तिला फरक शून्य दिसतो. माणसाला झटका बसत असताना ती सगळं ठीक आहे असं समजते. आणि सॉकेटात फेज-न्यूट्रलची अदलाबदल झालेली असेल, तर न्यूट्रल तुटायचीही गरज नाही. प्लग लावताक्षणी पत्र्यावर २३० व्होल्ट. अमेरिकन वायर सॉकेटाचा आकार लपवते, पण अर्थ शाबूत ठेवते. ही वायर अर्थ आहे असं खोटंच सांगते. तिला जोडणी म्हणायचीही माझी तयारी नाही.

खरा उपाय अंगणात आहे. जमिनीत खोल पुरलेला इलेक्ट्रोड, पूर्वीच्या पद्धतीचा कोळसा-मिठाचा खड्डा किंवा हल्ली मिळणारी तयार पावडर, आणि तिथून थेट आलेली अर्थची वायर. मीटरपासून गाडीसाठी स्वतंत्र तांब्याची लाईन, तिच्यावर तिची एमसीबी आणि ३० मिलिअँपिअरची टाइप-ए आरसीसीबी, म्हणजे गळती दिसताच वीज तोडणारी कळ. जुने वायरमन अर्थिंग तपासायला फेज आणि अर्थच्या मध्ये १०० वॅटचा बल्ब लावतात. नुसतं मल्टीमीटरचं व्होल्टेज बघण्यापेक्षा ही पद्धत चांगली, कारण मोडक्या अर्थवरही मीटर पुष्कळदा भरघोस आकडा दाखवतं, बल्ब मात्र मिणमिणतो. आरसीसीबी बसवल्यावर हा बल्ब पेटता पेटताच विझेल. त्याचा करंट चारशे मिलिअँपिअरच्या पुढचा, आणि तो न्यूट्रलऐवजी जमिनीत निघाला हे आरसीसीबीला लगेच कळून ती पडते. असं झालं तर लाईनमध्ये बिघाड शोधत बसू नये. अर्थ आणि आरसीसीबी दोन्ही कामाला लागल्याची ही खूण आहे.